अ‍ॅक्शनपटातील खलनायकाचे राजकारण कसे वाचावे

खलनायक कोणत्या देशाचा, धर्माचा किंवा वर्गाचा आहे एवढे पाहिले की चित्रपटाचे राजकारण उमगले, अशी समजूत बऱ्याच परीक्षणांतून डोकावते. खलनायकाची ओळख हा पुरावा आहे, पण ढोबळ आणि कित्येकदा फसवा. त्याची तक्रार काय आहे, ती मांडायला त्याला किती अवधी मिळतो आणि ती मांडून झाल्यावर पटकथा त्याच्या हातून काय करवून घेते, या तीन प्रश्नांतून अधिक हाती लागते.

चित्रपट दोनदा पाहावा. पहिल्यांदा कथेच्या ओघात वाहून जायला हरकत नाही. तो परिणाम अनुभवल्याशिवाय त्याची चिकित्सा करता येत नाही. दुसऱ्यांदा मात्र वही घेऊन बसावे आणि खलनायक काय मागतो, कोणापुढे मागतो, ऐकणारा काय उत्तर देतो, हे जसेच्या तसे टिपावे. या टिपणाची गरज अशी की प्रेक्षकाच्या स्मरणात क्रूरता राहते, मागणी राहत नाही.

मागणी हाती आली की ती खरी आहे की देखावा आहे, हे ठरवावे. ‘डाय हार्ड’ (१९८८) मध्ये उंच इमारतीतील लोकांना ओलीस धरणारा हान्स ग्रुबर जगातील निरनिराळ्या तुरुंगांमधील क्रांतिकारकांच्या सुटकेची मागणी करतो. त्या यादीत ‘एशियन डॉन’ या संघटनेचे नाव येताच त्याचाच साथीदार गोंधळून त्याच्याकडे पाहतो, तेव्हा ग्रुबर हळूच सांगतो की हे नाव आपण टाइम मासिकात वाचले आहे. त्याला खरोखर हवे असतात तिजोरीतले ६४ कोटी डॉलरचे रोखे. राजकीय हिंसेमागे अखेर पैशाचाच लोभ असतो, हा दिलासा प्रेक्षकाला मिळतो आणि त्या संघटनांचे म्हणणे काय असेल हा प्रश्नच उरत नाही. मात्र तिथेच थांबू नये. दहशतवादी हल्ल्याच्या ठरावीक नियमावलीनुसार एफबीआयचे अधिकारी इमारतीची वीज तोडतात आणि त्यामुळेच तिजोरीचे शेवटचे कुलूप उघडते. म्हणजे चोराइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, हसे सरकारी यंत्रणेचे झाले आहे.

मागणी खरी असेल आणि प्रेक्षकाला ती काही अंशी पटण्याजोगी असेल, तर काम अधिक नाजूक होते. ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) मधील खलनायक किलमाँगरचा आक्षेप असा, की जगभर कृष्णवर्णीयांवर अन्याय होत असताना वकांडा हा आफ्रिकेतील सामर्थ्यवान काल्पनिक देश सगळे दडवून स्वस्थ बसला. हा आक्षेप चित्रपटात कोणीही खोडून काढत नाही. पण तो मांडणारा माणूस ओलीस धरल्या गेलेल्या आपल्याच सहचारिणीवर गोळी झाडतो आणि दिव्य वनस्पतीच्या बागेची राखण करणाऱ्या वृद्धेचा गळा आवळून तिला उचलतो. या कृत्यांनी त्याचा आक्षेप खोटा ठरत नाही, पण त्याची बाजू घेणे प्रेक्षकाला अवघड होऊन बसते. अशा ठिकाणी एक चाचणी करून पाहावी: ते क्रूर कृत्य पटकथेतून काढून टाकले तर कथानक अडते का? अडत नसेल, तर ते कथेच्या गरजेपेक्षा युक्तिवादाच्या गरजेने आले असण्याची शक्यता बरीच आहे. त्यानंतर शेवट तपासावा. वकांडाचा राजा आणि चित्रपटाचा नायक टचाला अखेरीस अमेरिकेतील ओकलंडमध्ये मदतकेंद्र उभारतो, म्हणजे शत्रूची तक्रार तो मान्य करतो, पण शस्त्रे वाटण्याचा किलमाँगरचा मार्ग नाकारून समाजकार्याचा मार्ग निवडतो. याच लढाईत सीआयएचा अधिकारी नायकाच्या बाजूने लढतो हेही टिपावे. खलनायकाइतकेच महत्त्व चित्रपट कोणाला निर्दोष सोडतो यालाही असते, आणि माझ्या मते चर्चेत नेमके हेच निसटते.

आता ओळखीकडे वळू. शत्रूला नाव दिलेले नसेल, तर ते का दिले नाही याचा शोध घ्यावा. ‘टॉप गन: मॅव्हरिक’ (२०२२) मध्ये लक्ष्य आहे युरेनियम समृद्धीकरणाचा बेकायदा कारखाना, पण देशाचे नाव कोणी घेत नाही. शत्रूकडे एफ-१४ विमान आहे, जे अमेरिकी नौदलाने निवृत्त केल्यानंतर केवळ इराणच्या हवाई दलात उरले. मात्र त्याच शत्रूजवळ पाचव्या पिढीची लढाऊ विमानेही आहेत, जी इराणकडे नव्हती. हे मिश्रण अपघाताने झालेले नाही. कोणत्याही देशाकडे स्पष्ट बोट न दाखवता धोका ओळखीचा वाटावा, अशी ही रचना आहे. या चित्रपटाला अमेरिकी नौदलाचे साहाय्य होते. विमाने, जहाजे, तळ यांच्या बदल्यात पटकथा तपासण्याची मुभा संरक्षण खाते मागते, म्हणून श्रेयनामावलीतील आभाराची यादी न चुकता वाचावी.

कधी ओळख ठरते ती केवळ बाजारपेठेमुळे. ‘रेड डॉन’च्या नव्या आवृत्तीचे चित्रीकरण २००९ मध्ये झाले तेव्हा अमेरिकेवर चाल करून येणारे सैनिक चिनी होते, २०१२ मध्ये ती पडद्यावर आली तोवर झेंडे आणि बिल्ले संगणकाच्या मदतीने बदलून तेच सैनिक उत्तर कोरियाचे झाले होते, कारण चीनमधील प्रेक्षक गमावणे निर्मात्यांना परवडणारे नव्हते. यावरून विचारसरणीचा मोठा निष्कर्ष काढू पाहणारा तोंडघशी पडेल.

तारखांबाबतही हीच दक्षता हवी. ‘द सम ऑफ ऑल फिअर्स’ या कादंबरीतील अरब दहशतवाद्यांच्या जागी चित्रपटात नवनाझी आले, आणि चित्रपट २००२ मध्ये प्रदर्शित झाला म्हणून या बदलाचा संबंध ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याशी जोडण्याचा मोह होतो. वास्तविक त्याचे चित्रीकरण हल्ल्यापूर्वीच उरकले होते. याउलट ‘रॅम्बो ३’ मध्ये नायक अफगाण मुजाहिदीनांच्या साथीने सोव्हिएत फौजांशी लढतो, आणि तो १९८८ च्या मे महिन्यात झळकला तेव्हा त्या फौजांची माघार सुरू झालेली होती. प्रदर्शनाच्या तारखेपेक्षा पटकथा आणि चित्रीकरण यांचा काळ धरावा.

एका देशाच्या चित्रपटांवरून नियम बांधू नये. चीनच्या ‘वुल्फ वॉरियर २’ (२०१७) मध्ये आफ्रिकेतील खलनायक अमेरिकी भाडोत्री सैनिक आहे. ‘मैं हूँ ना’ (२००४) मध्ये भारत-पाकिस्तान कैदी सुटकेला विरोध करणारा खलनायक माजी भारतीय सैनिक आहे, आणि शत्रू घरचाच असल्यामुळे त्या कथेत सलोख्याची बाजू नायकाच्या तोंडी घालणे सोपे जाते.

लिहायला बसल्यावर तीन विधाने वेगळी ठेवावीत: पडद्यावर काय दिसते, त्यातून प्रेक्षकाला काय सुचवले जाते, आणि निर्मात्यांचा हेतू काय होता. पहिल्याला प्रसंग दाखवावा, दुसऱ्याला युक्तिवाद द्यावा. तिसऱ्याबद्दल मुलाखत किंवा कागदपत्र हाती नसेल तर बोलूच नये. ‘हा प्रचारपट आहे’ हे वाक्य पहिल्या परिच्छेदात लिहिण्याची उबळ येते, ती आवरावी, कारण त्यानंतर वाचक पुरावे तपासत नाही, तो फक्त बाजू निवडतो.

शेवटची तपासणी भाषेची. डब केलेली आवृत्ती पाहिली असेल तर संवाद मूळ भाषेतील संवादांशी ताडून घ्यावेत. ‘डाय हार्ड’च्या जर्मन आवृत्तीत जर्मन खलनायकांची नावे बदलली गेली आणि हान्स ग्रुबरचा जॅक झाला, तीच आवृत्ती समोर ठेवून जर्मनांच्या चित्रणावर कोणी लेख लिहिला असता, तर त्याच्या हाती पुरावाच उरला नसता.