नव्या फेलोसाठी: मूल पोहोचण्याआधीची पाच मिनिटं

पेडियाट्रिक इमर्जन्सीच्या फेलोशिपमध्ये प्रोसिजर हळूहळू हातात बसतात. अडतं ते टीम चालवताना. गोंधळाची बीजं बहुतेक वेळा मूल दारातून आत येण्याआधीच पेरलेली असतात. अँब्युलन्सचा फोन आला की मिळणारी चार-पाच मिनिटं हिशेबात घालवा.

आधी वजन. पालकांना नेमकं माहीत असेल तर तेच धरा. नसेल तर वय विचारा. १ ते १० वर्षांसाठी वयात ४ मिळवून दुप्पट करा. मूल टेबलावर आलं की उंचीवरून वजन सांगणारी टेप लावून आकडा पडताळा.

समजा मूल ४ वर्षांचं आहे, म्हणजे १६ किलो. बोर्डवर मोठ्या अक्षरात लिहा: अ‍ॅड्रेनलिन ०.१६ मिग्रॅ, म्हणजे पातळ केलेलं १.६ मिली. हृदयाला द्यायचा विजेचा शॉक २ ज्यूल प्रति किलो, म्हणजे ३२; पुढचा ६४. फ्लुइड बोलस (एकदम द्यायचं सलाईन) १० मिली प्रति किलोने १६० मिली. श्वासनळीत घालायची कफवाली (टोकाशी फुगा असलेली) ट्यूब ४.५ (वय भागिले ४, अधिक ३.५), ओठापाशी १३.५ सेंमी, शिवाय अर्ध्या नंबरने लहान आणि मोठी अशा दोन ट्यूब काढून ठेवा. डोक्यातले आकडे ऐन वेळी चुकतात, आणि ते चुकलेले इतर कुणाला दिसतही नाहीत.

सगळ्यात धोकादायक घोटाळा अ‍ॅड्रेनलिनचा. अँप्युलमध्ये १ मिलीत १ मिग्रॅ असतं. कार्डिअ‍ॅक अरेस्टसाठी (हृदय थांबलं असेल तेव्हा) त्यात ९ मिली नॉर्मल सलाईन घालून १० मिली करायचं आणि सिरिंजला तिथल्या तिथे लेबल लावायचं. पातळ न करता १.६ मिली शिरेतून गेलं तर डोस दहापट होतो. अ‍ॅनाफिलॅक्सिसला (जीवघेण्या अ‍ॅलर्जीला) मात्र तेच अँप्युल पातळ न करता, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, ०.१६ मिली, तेही १ मिलीच्या सिरिंजनेच, मोठ्या सिरिंजवर इतकी बारीक रेघ वाचता येत नाही. या दोन सिरिंज एका ट्रेमध्ये ठेवू नका.

मग माणसं. एअरवे (श्वासमार्ग), कॉम्प्रेशन (छाती दाबणं), लाइन (शिरेतली सुई), औषधं, नोंदी: प्रत्येकाला नावानिशी काम द्या. ‘कुणीतरी शुगर बघा’ म्हटलं की कुणीच बघत नाही. तुम्ही पायाशी उभे राहा, हात मागे. (हे सगळ्यात अवघड जातं, विशेषतः इंट्युबेशनला हात शिवशिवतात तेव्हा.) ट्यूब तुम्हालाच टाकायची वेळ आली तर ‘आता टीम तुमच्याकडे’ असं मोठ्याने सांगून जबाबदारी सोपवा.

मूल आल्यावर लक्ष ठेवा ते हाताने दाबून श्वास देण्याच्या बॅगवर. घाबरलेला हात बॅग भराभर दाबतो; छातीतला दाब वाढून हृदयाकडे येणारं रक्त घटतं, पोट फुगतं. ट्यूब नसताना दोघं असतील तर १५ कॉम्प्रेशनला २ श्वास. ट्यूब पडल्यावर दर २ ते ३ सेकंदांनी एक श्वास. कॉम्प्रेशन मिनिटाला १०० ते १२०, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल, आणि दर २ मिनिटांनी हात बदला.

अरेस्टमध्ये शीर शोधत वेळ घालवू नका, आयओ (इंट्राऑसियस, म्हणजे हाडातल्या मज्जेत घातलेली सुई) घ्या. नडगीच्या हाडावर, गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला. सुई आधाराशिवाय उभी राहायला हवी. मज्जा ओढून आली नाही तरी चालेल. फ्लश देताना पोटरी मात्र हाताने चाचपा, फुगली तर सुई बाहेर आहे. त्याच हाडात पुन्हा टोचू नका, पहिल्या भोकातून गळतं. सलाईन नुसतं टांगून आयओतून नीट जात नाही. थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) २० मिलीची सिरिंज लावा, बाटलीतून ओढा, मुलाकडे ढकला. १६० मिलीला आठ वेळा; मोजणी नोंदी ठेवणाऱ्याने मोठ्याने करावी.

पालकांना थांबायचं असेल तर थांबू द्या, पण त्यांच्याजवळ एक माणूस फक्त त्यांच्यासाठी ठेवा.

मॉक कोडमध्ये (अरेस्टच्या सरावात) ‘अ‍ॅड्रेनलिन दिलं’ असं नुसतं म्हणणं चालवून घेऊ नका. मुदत संपलेली अँप्युल ‘फक्त सरावासाठी’ असं लिहून वेगळ्या डब्यात ठेवा, प्रत्यक्ष फोडायला लावा, औषध ओढून पातळ करायला लावा आणि कॉम्प्रेशन सुरू झाल्यापासून पहिल्या डोसपर्यंतचा वेळ घड्याळावर घ्या. शॉक न लागणाऱ्या ऱ्हिदममध्ये (हृदयाच्या लयीत) तो ५ मिनिटांच्या आत असायला हवा. उशीर बहुधा अँप्युल शोधण्यात आणि लेबल लावण्यात होतो.