जुन्या दप्तरात पूर्वज शोधताय? या चुका टाळा

तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते, खापरपणजोबांचं नाव सापडतं आणि शोध तिथेच अडतो. हातात नाव, सर्व्हे नंबर आणि आकार, म्हणजे साऱ्याची रक्कम. माणसाचा पत्ता नाही. तो बहुतेक वेळा त्याच कागदात असतो, पण कागद कशासाठी लिहिला गेला हे लक्षात न घेतल्यामुळे निसटतो. इंग्रजी अमलातल्या तलाठ्याला सारा कुणाकडून वसूल करायचा एवढ्याशीच काम होतं. तुमच्या वंशावळीचं त्याला काय?

आडनावाने शोधणं. जुन्या नोंदीत बरेचदा आडनावच नसतं. ‘रामा बिन पांडू’ म्हणजे पांडूचा मुलगा रामा, ‘सखू कोम रामा’ म्हणजे रामाची बायको सखू. त्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, म्हणजे रामा पांडू आणि पांडू रामा हे पिढीआड फिरत राहणार. नाव, बाप, आजा आणि सर्व्हे नंबर असे चारही धागे जुळल्याशिवाय माणूस आपला मानू नका. जिथे जमिनीचे विखुरलेले तुकडे जोडणारी एकत्रीकरण योजना झाली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या-नव्या नंबरांचा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयात मागा. नवी मुंबईतल्या गाववाल्यांनी आधी घरातलं कपाट उघडावं. सिडकोसाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी केलेल्या फायलीत वारसांची यादी आणि जुने नंबर बहुधा आयते मिळतात.

कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, बाळाचं नाव शोधणं. गाव नमुना 14 मध्ये जन्माची नोंद बारशाआधीच झालेली असायची. त्यामुळे अनेकदा ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच लिहिलेलं आणि पुढे बापाचं नाव. शाळेच्या जनरल रजिस्टरातली तारीख घेऊन तिथे जायचं, पण ती 1 जून असेल तर सावध व्हा. बहुधा मास्तरांनी अंदाजाने टाकलेली असते. अशा वेळी अलीकडची-पलीकडची दोन-तीन वर्षं चाळा.

फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, नुसता नंबरापुरता बघणं. सगळ्यात जास्त हुकतं ते इथे. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात 1903 चा, म्हणून त्याआधीचे फेरफार मागत बसू नका. त्यानंतरची वारस नोंद मात्र शब्द न् शब्द वाचा. समजा लिहिलंय: ‘रामा पांडू मयत. वारस मुलगा गणपत, वय 6, अ.पा.क. आई सखू.’ अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. म्हणजे बाप गेला तेव्हा पोर सहा वर्षांचं होतं आणि कागदावर जमीन आई सांभाळत होती. आता पुढचे फेरफार क्रमाने लावा. दोन-चार वर्षांत गहाण किंवा खरेदीखत आलं तर ते कुणाच्या नावे गेलं ते पाहा: सावकार की दीर? गणपत सज्ञान झाल्यावर अ.पा.क. कमी केल्याची नोंदही शोधा. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या एका नावामागे सगळे भाऊ दडलेले असतात. आणि वारसांत मुलगी नाही म्हणून मुलगी नव्हतीच, असं समजू नका. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधी मुलगा असताना मुलीचं नाव सहसा लागतच नसे.

शक वर्षाचं इंग्रजी वर्ष काढताना सरसकट 78 मिळवणं. पौषात इंग्रजी वर्ष बदलतं. तिथून फाल्गुनापर्यंत 79 मिळवावे लागतात. शके 1818 च्या माघातला मृत्यू 1897 चा. 78 मिळवलेत तर तो 1896 च्या सुरुवातीला जातो. मुंबईत प्लेग उघड झाला सप्टेंबर 1896 मध्ये. एका आकड्याने मृत्यू साथीच्या आधी जाऊन बसतो आणि कारणाचा विचारच होत नाही.

आजचा जिल्हा धरून चालणं. ठाण्याचा तालुका जुन्या कागदात ‘साष्टी’ म्हणून येतो. कुर्ला, वांद्रे 1920 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हा माहितीग्रंथात, पनवेलही आहे. पुढे ते कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, गेलं.

त्याच गॅझेटियरमधलं जातीचं वर्णन उचलून पणजोबांना चिकटवणं हा आणखी एक आवडता उद्योग. तो साहेबी कचेरीचा शेरा आहे, तुमच्या घरची हकीकत नव्हे.

मोडी वाचणाऱ्याला आधीच नावं सांगणं. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. वाक्य संदर्भाने लागतं, विशेषनाम लागत नाही. ‘आमचे गोविंदराव असतील बघा’ म्हटलंत की गोविंदराव सापडणारच! फक्त गाव सांगा, शेऱ्याच्या रकान्यासकट पूर्ण पानाची प्रत द्या आणि शंकास्पद अक्षरांवर खूण मागा. तुमची यादी लिप्यंतर हातात पडल्यावर बाहेर काढा.