घरातला मोबाईल अन् लेकरं: दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी जे सांगतो ते

माझं गावात रिचार्ज अन् मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात, एसटी स्टँडला लागूनच. रोज कोणी ना कोणी फोन काउंटरवर ठेवते अन् म्हणते भाऊ याच्यात काहीतरी घाण येऊन रायली, बंद करून दे. बंद करायचं असं एक बटन नसते म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतो.

मागच्या आठवड्यात एक काकू आल्या, सोबत सात वर्षाचा नातू. युट्युब उघडलं तर वर ट्रॅक्टरचा व्हिडिओ, खाली कार्टून, अन् त्याच्या खाली रक्तबंबाळ माणूस रस्त्यावर पडलेला. काकू म्हणे "पोट्टं असलं काहून पाहते बावा?" मी हिस्ट्री उघडून दाखवली. पोट्ट्यानं तसलं काहीच शोधलं नव्हतं. आधी ट्रॅक्टर पाहिले, मग ट्रॅक्टरचे स्टंट, मग ट्रॅक्टर उलटल्याचे, मग नुसते ॲक्सिडेंट. आपण जिथं थांबतो तेच फोन अजून आणून देते, आवडलं म्हणून थांबला का भेवून थांबला हे त्याले कळत नाही. त्याच्यामुळे लेकराला मारून काही होत नाही, आधी फोनला वळण लावा.

युट्युबवर वाईट व्हिडिओ दिसला की त्याच्या बाजूचे तीन टिंब दाबायचे, तिथं "नॉट इंटरेस्टेड" अन् "डोन्ट रेकमेंड चॅनल" असे दोन पर्याय येतात, दुसरा दाबला की त्या चॅनलचं सुचवणं बंद होते. रोज चार-पाच वेळा केलं तर आठवडाभरात फरक दिसते. फारच बिघडलं असेल तर सरळ हिस्ट्री पुसून टाका, फोन पहिल्यापासून शिकते. ऑटोप्ले बंद करा म्हणजे एक संपला की दुसरा आपोआप लागणार नाही, अन् सेटिंगमध्ये रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा. सगळंच अडते असं नाही पण बरंचसं गाळून येते. इन्स्टाग्रामवर पण "नॉट इंटरेस्टेड" आहे, अन् कंटेंट प्रेफरन्समध्ये जाऊन सगळं सुचवणं रीसेट करता येते.

आता आपल्याकडं घरात फोन एकच असते, कापूस वेचाईच्या दिवसात माय वावरात अन् पोट्टं धुऱ्यावर फोन घेऊन बसलेलं, कोण पाहते तिथं. त्याच्यासाठी ॲप पिन नावाची सोय आहे. सेटिंगमध्ये "पिन" म्हणून सर्च केलं की सापडते. तिथंच बाहेर पडताना पासवर्ड विचारायचा पर्याय चालू करायचा, युट्युब किड्स उघडायचं, पिन करायचं, अन् मग पासवर्डशिवाय पोट्ट्याला दुसरीकडं जाताच येत नाही, ना व्हॉट्सॲप ना फोन पे. फोन हातात देण्याआधी पाच सेकंदाचं काम आहे. लेकराचा वेगळा फोन असेल तर गुगलचं फॅमिली लिंक फुकट आहे, कोणतं ॲप टाकायचं अन् किती वेळ चालवायचं ते आपल्या फोनवरून ठरवता येते.

व्हॉट्सॲपमध्ये दोन कामं आजच करा. स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन मीडिया ऑटो डाउनलोड सगळं बंद, म्हणजे ग्रुपवर आलेला फोटो आपण दाबल्याशिवाय उघडणार नाही अन् गॅलरीत जाऊन बसणार नाही. अन् प्रायव्हसीत ग्रुप्सच्या जागी माय कॉन्टॅक्ट्स, म्हणजे कोणीही अनोळखी माणूस उचलून आपल्याला कोणत्याही ग्रुपात टाकणार नाही.

हे ऑटो डाउनलोडचं मी एवढं धरून बसतो त्याला कारण आहे. आमच्याकडं एका शेतकऱ्यानं जीव दिला, अन् घरच्यांना धड निरोप पोचायच्या आधी फोटो गावच्या ग्रुपवर. त्यांच्या दहावीतल्या पोरीनं वर्गातल्या मैत्रिणीच्या मोबाईलवर बापाला तसं पाहिलं. फोटो टाकणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, "हळहळ वाटली म्हणून टाकला" म्हणे. मी हात जोडून सांगतो, असा फोटो, असा व्हिडिओ पुढं पाठवू नका, श्रद्धांजली द्यायची असेल तर माणसाचा हसता फोटो टाका. ग्रुपच्या ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येते, ते हक्कानं करा, कोणाला राग आला तर येऊ द्या. अन् आधीच खचलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर हे परत परत येणं लई वाईट. घरात कोणी गप्प गप्प रायत असेल, जगून काय फायदा असं बोलत असेल, तर त्याच्याजवळ बसा अन् 14416 ला फोन लावा. टेली मानस नावाची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येते.

मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज दर दोन-तीन वर्षांनी फिरतोच, नुसतं गावाचं नाव बदलते. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात काय झालं ते विसरू नका, आठवडी बाजाराचा दिवस होता, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे, त्यांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून लोकांनी ठेचून मारलं. कोणाचंच मूल पळवलं नव्हतं. आपल्या गावात पण बहुरूपी येतात, वासुदेव येतात, जडीबुटीवाले येतात. मेसेजवर दोन बाण दिसले तर तो लई हातातून फिरून आला असं समजा, तसा मेसेज व्हॉट्सॲप 2020 पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवू देते, म्हणजे कंपनीलाच त्याचा भरोसा नाही. पोलीस पाटलाला फोन करा, नाहीतर 112. ग्रुपवर विचारू नका "हे खरं आहे का", कारण विचारता विचारता तो मेसेज अजून पन्नास जणांकडं गेलेला असते.

साप चावल्यावरचे रील तर मला पाहवत नाही. कोणी पाला बांधते, कोणी चिरा मारून रक्त काढते, कोणी दगड चिकटवते, अन् खाली हजार लोक हात जोडून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस आहे अन् ती सरकारी दवाखान्यात फुकट भेटते. चिरा नाही, करकचून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही, 108 ला फोन नाहीतर भेटन त्या गाडीनं दवाखाना, बस. रील पाहण्यात गेलेला अर्धा तास परत येत नाही. फवारणीचं पण तसंच, तीन औषधं एकत्र करून मारा म्हणणाऱ्या व्हिडिओच्या भरवशावर पंप भरू नका, 2017 च्या हंगामात विषबाधेनं आपल्याच जिल्ह्यात किती घरं उघडी पडली. कृषी सहायकाला विचारा, किसान कॉल सेंटर 1800-180-1551 आहे.

पीएम किसानच्या नावानं, लग्नपत्रिकेच्या नावानं, गाडीच्या चालानच्या नावानं जी फाईल येते अन् शेवटी एपीके लिहिलेलं असते ती उघडायचीच नाही. पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी नाही, त्याचाच फोन हॅक झालेला असू शकते. पैसे गेले तर त्याच मिनिटाला 1930 ला फोन लावा, ऑनलाईन फसवणुकीची सरकारी हेल्पलाईन आहे.

आता माझ्या घरची गोष्ट, अन् हीच मला सगळ्यात जास्त सांगायची होती.

माझी भाची नववीत, इन्स्टावर कोणीतरी ओळख काढली, समोरचं अकाउंट कुण्या पोरीच्या नावाचं होतं. हिनं शाळेच्या गॅदरिंगचा साधा फोटो पाठवला. त्यानं तिचा चेहरा दुसऱ्याच अंगावर लावला अन् धमकी, अजून फोटो पाठव नाहीतर गावात व्हायरल करतो. पोरगी पंधरा दिवस जेवली नाही नीट. आम्हाला वाटलं परीक्षेचं टेन्शन. शेवटी तिच्या आजीला समजलं, रात्री पोरगी झोपेत रडत होती म्हणून. मी तिला विचारलं मला काहून नाही सांगितलं, मी तर मोबाईलचंच काम करतो. ती म्हणे "मामा, तुम्हीच म्हणलं होतं ना दिवाळीत, इन्स्टा दिसलं तर फोन फोडून टाकीन." म्हणलं होतं. खरं आहे. त्या माणसाची ताकद त्या फोटोत नव्हती, माझ्या त्या एका वाक्यात होती.

म्हणून लेकरांना आज, काही झालेलं नसताना, जवळ बसवून सांगा की काहीही आलं, तुझी चूक असली तरी, फोन काढून घेणार नाही, आधी मला दाखव. अन् दाखवल्यावर चेहरा शांत ठेवा, हे सगळ्यात अवघड आहे. शाळा सुटवतो, लग्न करून देतो असं पोरीला तोंडातून सुद्धा काढू नका.

धमकी आलीच तर पैसे द्यायचे नाही, दुसरा फोटो तर अजिबात नाही, एकदा दिलं की थांबत नाही तो. चॅट डिलीट करू नका, अकाउंटच्या नावासकट स्क्रीनशॉट घ्या, मग रिपोर्ट अन् ब्लॉक. सरकारच्या cybercrime.gov.in या वेबसाईटवर बायका अन् मुलांच्या तक्रारीसाठी वेगळी जागा आहे, नाव न सांगता पण तक्रार करता येते. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाईन आहे. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, लहान लेकराचा तसला फोटो किंवा व्हिडिओ "पुरावा" म्हणून सुद्धा कोणाला फॉरवर्ड करायचा नाही, तो गुन्हा आहे, अन् सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की नुसता फोनमध्ये साठवून ठेवणं सुद्धा पोक्सोत, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, बसू शकते. फोटो पसरायची भीती असेल तर अठराच्या आतल्यांसाठी टेक इट डाउन अन् मोठ्यांसाठी स्टॉप एनसीआयआय अशा वेबसाईट आहेत. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त आकड्यांचा ठसा जाते अन् या वेबसाईटशी जोडलेल्या कंपन्या तो फोटो ओळखून अडवतात.

भाचीच्या अकाउंटवर जन्मसाल 2000 टाकलेलं होतं, मैत्रिणीनं टाकून दिलं. वय खरं असतं तर इन्स्टाचं टीन अकाउंट लागलं असतं, ते आपोआप प्रायव्हेट रायते अन् अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाही, सोळाच्या आतल्याला ते ढिलं करायला आईबापाची परवानगी लागते. आपल्या लेकराचं साल आधी तपासा.

हे सगळं एकट्यानं जमत नसेल तर दुकानात या, सेटिंग करून द्यायचे पैसे मी घेत नाही. फक्त लेकराला सोबत आणा, त्याच्यासमोरच करू.