स्पितीत क्रिटेशियसचे थर बघायला जाताय? या चुका टाळा

आपल्याकडची जिऑलॉजीची पोरं हिमाचलमधल्या स्पितीत येतात आणि पहिल्याच दिवशी ठरवून टाकतात, वरचा थर नवा आणि खालचा जुना. अरे, सह्याद्रीत चालतं ते, तिथे लाव्हाचे थर जवळपास आडवे पडलेत. स्पितीत भारताची प्लेट आशियाला धडकून सगळं चुरगळलंय, काही ठिकाणी घडी इतकी उलटलीये की जुना थर नव्याच्या डोक्यावर बसलाय.

मूळ क्रम पाठ करूनच या. खाली काळा स्पिती शेल (शेल म्हणजे चिखलाचा दगड), ज्युरासिकच्या शेवटच्या भागापासून क्रिटेशियसच्या, म्हणजे ज्युरासिकनंतरच्या काळाच्या, सुरुवातीपर्यंतचा, त्यावर गिउमल सँडस्टोन, म्हणजे वाळूचा दगड, त्यावर चिक्किम, म्हणजे आधी लाईमस्टोन (चुनखडक) आणि वर परत शेल. ही नावं स्टोलिच्का या भूवैज्ञानिकाने १८६० च्या दशकात दिली, चिक्किम म्हणजे किब्बर गावाजवळचं चिचम.

एका कॉलेजचा ग्रुप नाल्यात लॉग, म्हणजे थरांच्या क्रमाचा उभा तक्ता, काढत होता. लॉग सुंदर, रंग भरलेले, शेजारी समुद्राचा इतिहासही लिहून तयार: आधी खोल समुद्र आणि चुन्याचा गाळ, मग वाळू, मग काळा चिखल. मी म्हटलं, वाळूच्या थराची मूळची वरची बाजू कुठली ते बघितलं का? कोणीच बघितलं नव्हतं. गिउमलच्या एका ठोकळ्यात क्रॉस बेडिंग, म्हणजे थराच्या आतल्या तिरक्या रेषा, स्वच्छ दिसत होतं. तिरक्या रेषा तळाशी वळत वळत थराला टेकतात आणि वरच्या टोकाला सपाट छाटलेल्या असतात, कारण नंतरच्या प्रवाहाने माथा खरवडलेला असतो. इथे छाटलेली बाजू खाली होती! म्हणजे अख्खा भाग उलटा आणि लिहिलेला इतिहासही उलटा. खरं तर आधी शांत समुद्रात काळा चिखल साचला, मग भारताच्या बाजूने वाळू आली, मग वाळू थांबली, पाणी खोल झालं आणि तरंगणाऱ्या फोरॅमच्या (सूक्ष्म एकपेशीय समुद्री जिवांच्या) कवचांचा चुनखडी गाळ बसला. निघायच्या आदल्या संध्याकाळी बिचाऱ्यांनी सगळं परत काढलं. माझी सवय सांगतो, वहीत थराची जाडी लिहायच्या आधी 'वर कुठे' याचा बाण काढायचा, आणि पुरावा नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह, अंदाजाने बाण नाही. घाई असलेल्यांना हे जड जातं पण पर्याय नाही.

काळं दिसलं की स्पिती शेल, हे पण बंद करा. गिउमलमध्येही काळ्या शेलचे पट्टे आहेत. आणि सँडस्टोनमध्ये हिरवे दाणे दिसले तर लगेच क्लोराईट लिहू नका, ग्लॉकोनाईट हे दुसरं हिरवं खनिज असू शकतं, आणि ते असेल तर समुद्रात गाळ फार हळू साचत होता असा अर्थ निघतो, त्यामुळे हँड लेन्स लावून नीट बघा.

अ‍ॅमोनाईटबद्दल, म्हणजे गोल वेटोळ्या शंखासारख्या फॉसिलबद्दल, मला खरंच तळमळीने सांगायचंय. लांगझा गावाकडे पोरं अ‍ॅमोनाईट विकायला आणतात, आपले लोक घेतात आणि रिपोर्टमध्ये थराचं वय ठोकून देतात. उतारावर घरंगळत आलेला दगड कुठल्या थरातला ते कोण सांगणार? थरात रुतलेला सापडला तर जागेवरच फोटो काढा, लोकेशन लिहा आणि तिथेच राहू द्या. उचलून नेलं की पुढच्या माणसाचा पुरावा गेला.

चिक्किमच्या लाईमस्टोनमध्ये डोळ्यांनी फॉसिल शोधत बसू नका. ग्लोबोट्रंकानासारखे फोरॅम थिन सेक्शनमध्येच, म्हणजे दगडाची पातळ चकती मायक्रोस्कोपखाली बघूनच, ओळखता येतात, त्यामुळे ताजा तुकडा घ्या आणि तोडायच्या आधी त्यावर वरची बाजू मार्करने लिहा.

चुनखडी आहे का बघायला अ‍ॅसिड टाकायचं ते ताज्या फोडलेल्या दगडावर, वरच्या मळकट थरावर नाही. आकार कळावा म्हणून फोटोत हातोडा किंवा पेन ठेवा. डिप, म्हणजे थराच्या उताराचा कोन, लिहिताना दिशाही लिहा. आणि स्पितीतलं मुख्य गाव काझा ३,६०० मीटरच्या वर आहे, पोचल्या पोचल्या चढायला लागू नका, डोकं दुखत असताना घेतलेली रीडिंग मी तरी धरत नाही, दुसऱ्या दिवशी परत घ्यायला लावतो.