टीव्हीला मॉनिटर करायचं ठरवलंय? मग आधी एवढं बघून घ्या

१२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, ४के टीव्ही असेल तर तो कम्प्युटरला लावावासा वाटणारच, आणि खुशाल लावा, पण केबल खोचली की काम संपलं असं होत नाही. खरी गोची काय आहे तर मधे कुठे काही कमी पडलं तरी एरर वगैरे काही येत नाही, चित्र येतंच, फक्त गुपचूप ६० हर्ट्झवर नाहीतर रंग कापून, म्हणजे रंगाची थोडी माहिती गाळून, येतं आणि माणूस महिनोन्‌महिने तेच बघत बसतो.

तर पहिलं काम, टीव्हीचा खरा रिफ्रेश रेट शोधणं. खोक्यावर मोशन अमुक, मोशन तमुक असे मोठे आकडे छापतात त्यांच्या नादी लागू नका, ६० हर्ट्झच्या पॅनलवरही १२० लिहिलेलं सापडतं. मॅन्युअलमध्ये कुठले सिग्नल चालतात त्याचा तक्ता असतो, त्यात ३८४० बाय २१६० च्या ओळीत १२० हर्ट्झ आहे का बघा, काही टीव्ही १२० घेतात पण फक्त १०८० ला. नुसतं 'एचडीएमआय २.१' लिहिलंय एवढ्यावरही विसंबू नका, त्यातल्या बऱ्याच सोयी कंपनीला ऐच्छिक आहेत. आणि पोर्ट नीट निवडा. बऱ्याच टीव्हींमध्ये चारपैकी दोनच पोर्ट ४के १२० घेतात, त्यातलाही एक कधीकधी ईआर्कचा (साउंडबारला आवाज पाठवणारा) निघतो, म्हणजे साउंडबार असेल तर उरला एकच.

मग ग्राफिक्स कार्ड. ४के, १२० हर्ट्झ, ८ बिट (प्रत्येक मूळ रंगामागे एवढी माहिती) आणि रंग न कापता पाठवायचं तर साधारण ३२ गिगाबिट प्रति सेकंद लागतात, १० बिटला ४० च्या आसपास, आणि एचडीएमआय २.० ची मर्यादा आहे १८. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० सिरीजपासून आणि एएमडीच्या आरएक्स ६००० पासून, म्हणजे २०२० पासूनच्या कार्डांवर २.१ आहे. लिनक्सवर एएमडी कार्ड असेल तर आधी चौकशी करा, कारण ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये २.१ आणायला एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नकार दिला होता. कार्ड जुनं असेल तर डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.१ करणारा अॅक्टिव्ह अडॅप्टर मिळतो, चालतो, पण व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश रेट बदलणारी सोय) त्यातून येईलच असं धरून चालू नका. केबल 'अल्ट्रा हाय स्पीड' लिहिलेली आणि सर्टिफिकेशनचं लेबल असलेलीच घ्या, ती ४८ गिगाबिटची असते, आणि शक्य तितकी आखूड घ्या. स्क्रीन मधेच क्षणभर काळी होत असेल तर पहिला संशय केबलवर.

आता टीव्हीचा मेनू, इथे घाई करू नका. त्या पोर्टसाठी एन्हान्स्ड फॉरमॅट किंवा इनपुट सिग्नल प्लस अशा नावाची सेटिंग असते, ती ऑन केल्याशिवाय कम्प्युटरला १२० चा पर्याय दिसतच नाही बऱ्याचदा. मग इनपुटच्या यादीत जाऊन त्याचा आयकॉन 'पीसी' करा. नुसतं नाव बदलल्यासारखं वाटतं पण बऱ्याच टीव्हींमध्ये पूर्ण रंग, म्हणजे ४:४:४, यानेच सुरू होतो, आणि माझ्या मते डेस्कटॉपसाठी १२० हर्ट्झपेक्षाही हे महत्त्वाचं आहे. तपासायचं असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं टाइप करा आणि अगदी जवळ जाऊन बघा: कडा धारदार तर ठीक, पण लाल रंग पसरलेला आणि अक्षराच्या बारीक रेघा एकमेकीत मिसळलेल्या दिसल्या तर रंग कापला जातोय. ४:२:० या कापलेल्या प्रकारात चार पिक्सेलना मिळून रंग एकच असतो, सिनेमात ते लक्षातही येत नाही, कोड किंवा एक्सेल शीट वाचताना मात्र डोळे दुखायला लागतात.

बाकी मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन सगळं बंद, शार्पनेस खाली, ओव्हरस्कॅन बंद नाहीतर टास्कबारची कड कापली जाते. काळा रंग राखाडी दिसत असेल तर फुल की लिमिटेड रेंज ही सेटिंग कम्प्युटर आणि टीव्ही दोन्हीकडे सारखी आहे का बघा. गेम खेळताना गेम मोड आणि व्हीआरआर.

विंडोजमध्ये डिस्प्ले, मग अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १२० स्वतः निवडायचं, ते आपोआप होईल या भरवशावर राहू नका. क्लिअरटाइप ट्यूनर (विंडोजचं अक्षरं स्पष्ट करणारं साधन) पण एकदा चालवा, कारण काही पॅनलांवर सबपिक्सेल, म्हणजे पिक्सेलमधले तीन रंगांचे ठिपके, उलटे, बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रमाने असतात आणि अक्षरांना रंगीत कडा येतात.

साइजचं म्हणाल तर ४३ इंचाला इंचामागे १०२ पिक्सेल पडतात, ५५ ला ८०, म्हणून ५५ इंची टेबलावर अगदी समोर ठेवू नका, मागे सरकवा किंवा भिंतीवर लावा आणि स्केलिंग वाढवा.

टीव्ही ओलेड असेल तर एकच चित्र फार वेळ राहून त्याचा डाग पडू नये म्हणून टास्कबार ऑटो हाइड, काळा वॉलपेपर, ब्राइटनेस कमी, आणि मुख्य म्हणजे टीव्ही बंद केल्यावर भिंतीवरचं बटण लगेच पाडू नका, पॅनलची देखभाल तो स्टँडबायमध्येच करतो. कम्प्युटर झोपला म्हणून टीव्ही झोपेलच असंही नाही, बहुतेक ग्राफिक्स कार्डांना सीईसी (एचडीएमआयवरून टीव्ही चालू-बंद करायची सोय) नसतं, तेव्हा उठताना रिमोटने बंद करायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.