मांजराला चेकअपला न्यायचंय? मग बॅग आजच बाहेर काढा

आमच्याकडे बरीच वर्षं एकच सीन व्हायचा, अपॉइंटमेंट अकराची, साडेदहाला मी माळ्यावरून बॅग काढणार आणि त्या चेनचा आवाज ऐकून बोका डायरेक्ट दिवाणाखाली. मग झाडू, आरडाओरडा, हातावर ओरखडे. त्याचं तरी काय चुकलं, ती बॅग वर्षातून एकदाच दिसते आणि दिसली की सुई टोचतात हे त्याला पाठ झालेलं.

म्हणून बॅग किमान आठवडाभर आधी हॉलमध्ये उघडी टाकून ठेवायची, आत त्याचीच झोपायची चादर, न धुतलेली, वास हवा ना. दोन-तीन दिवस तो नुसता हुंगून जाईल, जाऊदे. नंतर खाऊ आत टाकायचा, मग एक मिनिट चेन लावायची, मग उचलून घरातल्या घरात एक चक्कर. आता आमचा बोका दुपारी स्वतःहून आत जाऊन घोरतो. नवीन घेणार असाल तर वरून उघडणारी घ्या, डॉक्टरांकडे ओढून काढावं लागत नाही, अर्धी तपासणी तर आत बसल्या बसल्याच होते.

त्याच आठवड्यात पंजे, कान, तोंड यांना हात लावायची सवय करा. रोज दोन मिनिटं, ओठ जरा वर करून हिरड्या बघायच्या आणि सोडून द्यायचं.

घरी वजन करायचं तर आधी तुम्ही एकटे काट्यावर, मग त्याला घेऊन, वजाबाकी करा. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम कमी झालं म्हणजे १० टक्के गेलं, आपल्याला ते डोळ्यांनी कळतही नाही. मांजरं दुखणं लपवण्यात पक्की असतात आणि डॉक्टरांसमोर तर एकदम शहाण्यासारखी बसतात, त्यामुळे लंगडणं, खोकणं काही दिसलं तर मोबाईलवर शूट करून ठेवा. पाणी जास्त पितंय का, शू किती वेळा, काय खातं, हे लिहून न्या. लसीची फाईल न्या, रेबीज आणि ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस), दोन्हींच्या तारखा त्यातच असतात. जंताची शंका असेल तर त्याच दिवशीची शी छोट्या कोरड्या डबीत (हो, घाण वाटतं, पण नंतर दुसरी फेरी वाचते).

निघायच्या आधी तीन-चार तास भरपेट खायला देऊ नका, रिक्षात उलटी होते. पण रक्त तपासायचंय म्हणून मनानेच रात्रभर उपाशी ठेवू नका, आधी फोन करून विचारा. फारच घाबरणारं असेल तर आधी द्यायची गोळी डॉक्टर लिहून देतात, आपल्या डब्यातलं काही द्यायचं नाही, पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, मांजरासाठी ते विष आहे.

स्कूटरवर मांडीत धरून नेणारे लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो, एक हॉर्न वाजला की संपलं. रिक्षात बॅग पायांच्या मध्ये खाली ठेवा, वरून टॉवेल टाका. क्लिनिकमध्ये मात्र उलटं, खाली ठेवायची नाही, खुर्चीवर ठेवायची, नाहीतर कोणाचं तरी लॅब्रॅडोर येऊन जाळीला नाक लावणार. रविवार संध्याकाळ टाळा, मधल्या वारी सकाळची पहिली वेळ मागा.

लस दिल्यावर एखादा दिवस सुस्त राहिलं तर ठीक आहे, पण तोंड सुजलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा धाप लागली तर लगेच परत न्या. आणि घरी दुसरं मांजर असेल तर आल्या आल्या दोघांना एकत्र सोडू नका. दवाखान्याचा वास येतो म्हणून आमची मनी स्वतःच्या सख्ख्या भावावर गुरगुरते, संध्याकाळपर्यंत तो तिच्यासाठी परकाच असतो.