स्थिर न राहणाऱ्या मानेचा स्थिर एमआरआय: डिस्टोनियाच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

"बाळा, हलू नको म्हटल्यावर मान ऐकली असती, तर मी इथे आले असते का?"

पन्नाशीच्या एक शिक्षिका हे मला एमआरआयच्या टेबलावर झोपून म्हणाल्या होत्या. त्यांना मानेचा डिस्टोनिया, मान सतत उजवीकडे ओढली जायची. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करून नुकताच रिसर्च फेलो म्हणून लागलो होतो आणि "साडेपाच मिनिटं अजिबात हलायचं नाही" असं पाठ केलेलं वाक्य त्यांना ऐकवलं होतं. या क्षेत्राची खरी अडचण त्यांच्या त्या एका वाक्यात होती. आजार माणसाला हलवतो आणि आपलं यंत्र तो स्थिर असेल तरच फोटो काढतं. या कामात येणाऱ्या प्रत्येकाने सॉफ्टवेअर शिकण्याआधी हे समजून घ्यावं, म्हणून लिहितो आहे.

डिस्टोनियात स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध आवळले जातात, त्यामुळे शरीराचा एखादा भाग पिळला जातो किंवा वाकड्या स्थितीत अडकतो. हे नाव हेरमान ओपेनहाइम यांनी १९११ मध्ये वापरलं. त्यानंतरही कित्येक दशकं, लिहिताना बोटं आवळणाऱ्या किंवा मान वळणाऱ्या लोकांना "हे मनाचं आहे" असंच सांगितलं जायचं. १९७० च्या दशकात लंडनच्या डेव्हिड मार्सडेन यांनी हे सगळे डिस्टोनियाचेच प्रकार आहेत आणि मूळ मेंदूच्या कामात आहे, असं ठामपणे मांडलं. आमच्या ओपीडीत आजही "लोक म्हणतात नाटक करतोस" असं सांगणारे पेशंट येतात. म्हणून मेंदूत काही दिसतं का, हा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता संशोधनाचा नसतो.

आणि बहुतेकांचा नेहमीचा एमआरआय नॉर्मल येतो. डॉक्टर तो मागवतात ते मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे बघायला. विल्सन आजारात तांबं साठून मध्यमेंदूत पांडाच्या तोंडासारखी आकृती दिसू शकते. मेंदूत लोह साठणाऱ्या एका आनुवंशिक आजारात ग्लोबस पॅलिडस या मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रात वाघाच्या डोळ्यासारखी खूण दिसते. या खुणा पहिल्याच महिन्यात रेडिओलॉजिस्टजवळ बसून डोळ्यांत साठवून घ्या. पण प्रौढपणी मानेत, पापण्यांत किंवा हातात सुरू होणाऱ्या डिस्टोनियात अशी नजरेला दिसणारी खूण सहसा नसते. तिथे एका माणसाच्या फोटोवरून काही सांगता येत नाही. पेशंटांचा गट आणि निरोगी लोकांचा गट घेऊन सरासरी फरक शोधावा लागतो.

त्यासाठीची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे व्हॉक्सेल बेस्ड मॉर्फोमेट्री. आम्ही तिला व्हीबीएम म्हणतो. टी-वन फोटोतून, म्हणजे मेंदूची रचना स्पष्ट दाखवणाऱ्या एमआरआयमधून, करडं द्रव्य (चेतापेशींनी भरलेला भाग) वेगळं काढायचं, प्रत्येक मेंदू एका सामाईक साच्यावर बसवायचा, किंचित पुसट करायचा आणि मग प्रत्येक ठिकाणी दोन गटांची तुलना करायची. एक मिलिमीटरच्या चौकोनी ठोकळ्यांनी (हेच व्हॉक्सेल) मोजलं तर मेंदूत दहा लाखांहून जास्त ठोकळे भरतात. पाच टक्क्यांची नेहमीची मर्यादा लावून दहा लाख तुलना केल्या, तर खरा फरक शून्य असला तरी पन्नास हजार ठिकाणी फरक "दिसेल". मी पहिल्यांदा रंगीत ठिपक्यांनी भरलेला नकाशा काढला, तेव्हा रात्रभर झोपलो नाही. सकाळी गाइडनी एकच विचारलं, "करेक्शन लावलंस का?" इतक्या तुलनांसाठी मर्यादा कडक करणारी ती दुरुस्ती लावल्यावर एक ठिपका उरला.

आता यातली सगळ्यात अवघड गोष्ट. निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. हाताच्या डिस्टोनियात २००४ च्या एका अमेरिकन अभ्यासात संवेदी कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या बाहेरच्या थरातला स्पर्श जाणणारा पट्टा) हाताच्या भागात करडं द्रव्य वाढलेलं आढळलं. २००७ च्या एका फ्रेंच अभ्यासात लिहिताना हात आवळणाऱ्या पेशंटांमध्ये ते संवेदी-कारक (स्पर्श आणि हालचाल सांभाळणाऱ्या) कॉर्टेक्समध्ये, थॅलॅमस या खोलवरच्या केंद्रात आणि लहान मेंदूत कमी आढळलं. नवीन माणूस इथे गोंधळतो आणि एक अभ्यास खरा, दुसरा खोटा असं धरून चालतो. मीही तसंच केलं होतं. माझी समजूत बदलली ती २०११ च्या एका जर्मन अभ्यासाने. त्यात याच आजाराच्या पेशंटांचा हात चार आठवडे बांधून ठेवला, तर हाताच्या कारक भागातलं करडं द्रव्य घटलं. मग सराव सुरू केल्यावर ते पुन्हा वाढलं. म्हणजे दिसलेला फरक आजाराचं कारण असेल, आजाराचा परिणाम असेल, किंवा वर्षानुवर्षं हात वेगळ्या पद्धतीने वापरल्याची खूण असेल. एका वेळच्या फोटोवरून यातलं काय, ते ठरवता येत नाही. शिवाय व्हीबीएम पेशी मोजत नाही, फोटोतला सिग्नल मोजतं. हे वाक्य मी टेबलासमोर चिकटवून ठेवलं आहे. पूर्वी सगळा भर बेसल गँग्लिया या मेंदूच्या खोल भागातल्या केंद्रांवर असायचा, आता लहान मेंदूपासून कॉर्टेक्सपर्यंतचं पूर्ण जाळं बघितलं जातं. वाचन तिथूनच सुरू करा.

हलण्याचा प्रश्न मात्र सगळ्यांच्या मुळाशी आहे. स्कॅनमध्ये डोकं हललं की करड्या द्रव्याचं मोजमाप खऱ्यापेक्षा कमी येतं, हे दाखवून झालेलं आहे. आमच्याकडे हलणारा गट म्हणजेच पेशंटांचा गट. म्हणजे काळजी घेतली नाही, तर आपण मेंदूतला बदल म्हणून मानेचा झटका छापू. प्रत्येक फोटो स्वतः, एकेक काप करून बघा. बघताना तो पेशंटचा की निरोगी माणसाचा, हे झाकून ठेवा. आवळलेला स्नायू सैल करणारं बोटुलिनमचं इंजेक्शन कधी घेतलं, ते लिहून ठेवा. त्याचा असर साधारण तीन महिने टिकतो. आम्ही पुढच्या डोसच्या आदल्या आठवड्यात बोलावतो, म्हणजे सगळे एकाच टप्प्यावर असतात.

माझी एक चूक सांगतो. फाइली एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलताना दोन पेशंटांचा डावा-उजवा उलटा झाला आणि तो तीन आठवडे माझ्या लक्षात आला नाही. डिस्टोनिया बहुधा एका बाजूला जास्त असतो, त्यामुळे ही चूक किरकोळ नव्हती. तेव्हापासून प्रत्येकाच्या उजव्या कानशिलावर व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवतो. एमआरआयमध्ये ती पांढरी ठळक दिसते, मग शंकेला जागा राहत नाही.

पायथन, लिनक्सचं टर्मिनल, मेंदूचे फोटो मोजणारी फ्रीसर्फर आणि एसपीएम ही सॉफ्टवेअरं हे सगळं चार-सहा महिन्यांत हाताला बसतं. फुकट मिळणाऱ्या सार्वजनिक डेटावर सराव करा. पण आठवड्यातून एक दिवस ओपीडीत बसायला मिळतंय का, हे रुजू होण्याआधी विचारून घ्या. ते मिळत नसेल, तर मी ती जागा घेणार नाही.

ओपीडीत बोलतानाही शब्द जपावे लागतात. एका पेशंटला मी सहज म्हणालो, "या भागात मेंदू थोडा आकसलेला दिसतो." मी गटाच्या सरासरीबद्दल बोलत होतो. त्यांनी घरी जाऊन मुलाला फोन केला की माझा मेंदू वाळतोय. दुसऱ्या दिवशी त्यांना परत बोलावून अर्धा तास समजावलं. आता संमतीपत्रात मराठीत पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, की या तपासणीतून तुमचं निदान किंवा उपचार बदलणार नाहीत, आणि काही वेगळं दिसलं तर रेडिओलॉजिस्ट ते बघून तुमच्या डॉक्टरांना कळवतील.

त्या शिक्षिकांचे पहिले दोन स्कॅन वाया गेले. तिसऱ्या वेळी त्याच म्हणाल्या, "गालाला काही टेकलं की मान थोडी थांबते." अनेक पेशंटांना अशी एखादी स्पर्शाची युक्ती सापडलेली असते, आणि ती या आजाराची ओळखीची खूणच आहे. आम्ही घडी घातलेला टॉवेल त्यांच्या उजव्या गालाशी नीट बसवला. फोटो स्वच्छ आला. आमच्या फॉर्मवर वय, हात (डावखुरे की उजवे) आणि औषधं यांच्याही वर आता एक प्रश्न असतो: काय केल्यावर थांबतं?